‘फळ किंवा फळांचा रस’

जूनमध्ये शाळा उघडतात आणि शाळेमागोमाग शाळेची परिपत्रके घरी येऊ लागतात. आमच्यापैकी एकाची मुलगी तिसरीत आहे, दुसऱ्याचा मुलगा पाचवीत, शाळा एकच. यंदाच्या परिपत्रकात मधल्या सुट्टीच्या डब्याचे वेळापत्रक होते: सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी मोड आलेल्या कडधान्याची उसळ, बुधवारी ‘फळ किंवा फळांचा रस’, आणि असेच पुढे. त्या एका पानात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. त्यांविषयी आम्ही काही बोललो नाही (सवयीने मोजल्या, इतकेच). बोललो ते बुधवारविषयी. पालकसभेत आमच्यापैकी एकाने उभे राहून विचारले, की फळाच्या शेजारी हा रस कोणत्या अधिकाराने येऊन बसला आहे? व्यासपीठावरच्या बाईंनी अतिशय सौजन्याने उत्तर दिले, “सर, आपण मराठी शिकवता ना? हा आहाराचा विषय आहे.” सभागृहात हशा पिकला आणि सभा सहलीच्या वर्गणीकडे वळली.

विषय आहाराचा आहे हे आम्हाला मान्यच आहे. परंतु आहाराच्या आधी तो व्याकरणाचा आहे, आणि त्यापुरता तरी आमचा अधिकार कोणी नाकारू नये. ‘किंवा’ हे विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय आहे. ज्या दोन पदांना ते जोडते त्यांतले कोणतेही एक घेतले तरी चालेल, कार्यभाग तोच साधेल, असे ते वाचणाऱ्याला सुचवत असते. उद्या एखाद्या विद्यापीठाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘कादंबरी किंवा कादंबरीचा सारांश’ असे छापले, तर आपण सगळे किती पाने काळी करू! (विद्यार्थ्यांनी हा ‘किंवा’ केव्हाच मनोमन छापून घेतलेला आहे, ही गोष्ट वेगळी. ‘अपेक्षित’ आणि गाईड यांवर पदव्या मिळवणाऱ्या पिढ्यांना आम्हीच गुण दिलेले आहेत. तेव्हा या बाबतीत आमचे हात अगदीच कोरडे नाहीत.) कादंबरी आणि सारांश यांच्यामध्ये जे हरवते ते आपल्याला ठाऊक असते. फळ आणि रस यांच्यामध्ये काय हरवते, हे मात्र विचारायचे नाही, कारण तो आहाराचा विषय!

हे अव्यय प्रत्यक्षात काय करते ते पाहण्याची संधी लवकरच मिळाली. एका बुधवारी घरी विसरलेला डबा पोचवायला आम्ही मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारापर्यंत गेलो. चाळीसेक मुले. बाकांवर रांगेने कागदी खोकी, प्रत्येकाला तिरकी नळी. फळे पाहायची तर दोन-तीन केळी, एका डब्यात काळ्या पडलेल्या सफरचंदाच्या फोडी आणि एका मुलाकडे चक्क सीताफळ, ज्याच्या बिया तो मोठ्या शिस्तीने झाकणात जमा करत होता. बाकी सारा वर्ग पाच मिनिटांत ‘फळ’ संपवून मैदानावर गेला होता. दोन पर्यायांतला एक कष्टाचा आणि दुसरा सोयीचा असला की ‘किंवा’ फार काळ तटस्थ राहत नाही, ते सोयीच्या बाजूला झुकते. परिपत्रक लिहिणाऱ्यांना हे माहीत नसावे असे मानायला आमचे मन घेत नाही.

आता आहाराकडे येऊ. २०० मिलिलिटरचे एक खोके भरायला तीन-चार संत्री पिळावी लागतात. मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत कोणतेही मूल चार संत्री खाणार नाही. एक खाईल आणि दुसऱ्याच्या दोन फोडी मित्राला देईल. कारण संत्रे सोलावे लागते, फोडी सुट्या कराव्या लागतात, चावावे लागते, बी थुंकावी लागते, आणि चोथ्याने पोट भरत जाते. फळाने स्वतःच आपल्या साखरेभोवती असे अडथळे उभे केलेले आहेत. रस काढणे म्हणजे हे अडथळे काढून टाकणे. चोथा गेला की साखर पेशींच्या भिंतींतून मोकळी होते आणि पिणाऱ्याच्या पोटात एकदम उतरते. भूक मात्र होती तेथेच राहते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘मुक्त शर्करा’ हा वर्ग करताना वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक, फळांचे रस आणि रसांचे अर्क यांतली नैसर्गिक साखरही त्याच वर्गात घातली. अख्ख्या फळातली मात्र घातली नाही. आमच्या ‘किंवा’च्या दोन बाजू ज्यांनी शास्त्रीय पातळीवर वेगळ्या केल्या ते लोक मराठीचे प्राध्यापक नव्हते, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

अशी मुक्त शर्करा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्याही आत, असे त्या सूचना सांगतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची गरज १७०० उष्मांक धरली तर ५ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर. संत्र्याच्या निव्वळ रसातही १०० मिलिलिटरमागे ८ ते १० ग्रॅम साखर असते. ज्या कोलाच्या बाटलीचे नाव काढले तरी शाळा अंगावर येते, तिच्यात ती साडेदहाच्या आसपास. आंब्याच्या खोक्यात बहुधा याहून अधिक. म्हणजे बुधवारच्या मधल्या सुट्टीतच दिवसाचा हिशेब पुरा झाला. सकाळचे साखर घातलेले दूध, संध्याकाळची बिस्किटे आणि वर्गमित्राच्या वाढदिवसाचे चॉकलेट अजून यायचेच आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना रस देऊच नये, पाच वर्षांपर्यंत दिवसाला १२५ मिलिलिटर आणि त्यापुढे २५० मिलिलिटरपलीकडे जाऊ नये, असे सांगितले. यावर आमचे एक सहकारी म्हणाले, “म्हणजे २०० चालतात की!” चालतात, पण ही वरची मर्यादा आहे. महामार्गावर शंभराच्या वेगाची मर्यादा लिहिलेली असते ती सर्वांनी शंभराने जावे म्हणून नसते. शिवाय तेच तज्ज्ञ रसापेक्षा फळ द्या असेही सांगतात. ते वाक्य सोयीस्करपणे गाळले जाते.

राहता राहिले क जीवनसत्त्व. त्याचे नाव घेतल्याशिवाय रसाचा कोणताही कैवारी दोन वाक्ये बोलू शकत नाही. तर पेरूत ते संत्र्याच्या तीन-चार पट असते आणि आवळ्यात त्याहूनही अधिक. या दोन्ही फळांचे खोके आम्हाला मुलांच्या हातात अद्याप दिसलेले नाही. पेरूच्या चार फोडी आणि पुडीत तिखट-मीठ, एवढ्याने तो मुद्दा निकालात निघतो.

येथपर्यंतचे सारे कोणीही आहारतज्ज्ञ सांगेल, आणि आमच्यापेक्षा चांगले सांगेल. आमचे खरे म्हणणे पुढे आहे. ‘डबा’ आणि ‘खाऊ’ या मराठीतल्या दोन वेगळ्या कल्पना आहेत. डबा पोट भरण्यासाठी असतो. त्यात काय असावे याविषयी आईबापांचे मूल्य, ऐपत, ऋतू आणि वेळ ही सारी बोलत असतात. खाऊ हा आनंदासाठी असतो. मामा आला की खाऊ, प्रवासात खाऊ, जत्रेत खाऊ, निकालाच्या दिवशी खाऊ. खाऊने पोट भरावे अशी अपेक्षा कोणी करत नाही आणि त्यात पौष्टिक काय आहे असे विचारणे असभ्यपणाचे ठरते. आम्ही प्राथमिक शाळेत होतो तेव्हा ही कागदी खोकी नुकतीच आलेली होती. १९८५ मध्ये पार्ले अ‍ॅग्रोने फ्रूटी बाजारात आणली. ती आम्हाला सहलीला मिळे, किंवा एस.टी. स्टँडवर वडिलांची मर्जी असली तर. रिकामे खोके फुगवून पायाखाली फोडण्याचा आनंद आत्ताही आठवतो. कोणाच्याही आईने ती ‘फळ’ म्हणून डब्याबरोबर दिली नव्हती. शाळेच्या फाटकाबाहेर म्हातारी बोरे, चिंचा, आवळे, करवंदे घेऊन बसे, आणि ती फळे होती. फ्रूटी खाऊ होती. त्या वेळच्या भाषेत दोन खाती होती आणि नोंद ज्या त्या खात्यात होत होती.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एकच झाले: खाऊच्या खात्यातली वस्तू डब्याच्या खात्यात वर्ग करण्यात आली. वस्तू जवळपास तीच राहिली. तिच्याविषयीचे शब्द बदलले. तिच्यावर आता मैदानात धावणारी मुले आली, ‘जीवनसत्त्वयुक्त’ आले, ‘खऱ्या फळांपासून’ आले. आणि शाळेने बुधवारी ‘किंवा’ लिहून त्या वर्गणीवर शिक्का मारला. खाऊ म्हणून मूल महिन्यातून एकदा दोनशे मिलिलिटर आंब्याचे सरबत प्यायले तर आमची काडीमात्र तक्रार नाही. आमच्याही घरी पितात. पण खाऊ घेताना मुलाला ठाऊक असते की आपण चैन करतो आहोत. त्याला ते ‘फळ’ म्हणून दिले की चैनीचा आनंदही जातो आणि फळही मिळत नाही.

शब्दांचा हा व्यवहार अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. मराठीत आपण उसाचा ‘रस’ पितो, आंब्याचा ‘रस’ वाढतो. पण मोसंबीचा ‘ज्यूस’ पितो. रस पिण्याच्या ठिकाणाला तर आपण ‘रसवंती’ म्हणतो, जी खरे तर वाणी! (रस्त्याकडेला घुंगरू वाजवणाऱ्या चरकावर ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’ रसवंती गृह अशी पाटी वाचताना पोथीतली रसवंती आणि ही रसवंती क्षणभर एक होतात. असो.) दोन शब्दांमधल्या या फटीत बाजाराने आणखी काही शब्द सरकवले: ड्रिंक, नेक्टर, बेव्हरेज. सामान्य ग्राहकाला हे सारे समानार्थी वाटतात. कायद्याला वाटत नाहीत. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणवून घ्यायला १० टक्के फळाचा रस पुरतो. लिंबाचे असेल तर ५ टक्के. उरलेल्या नव्वद टक्क्यांत पाणी, साखर, आणि आंबटपणासाठी ‘आम्लता नियामक ३३०’, म्हणजे सायट्रिक आम्ल. खोक्याच्या दर्शनी बाजूवर हापूसासारखा केशरी आंबा झळकत असतो. आत बहुधा तोतापुरीचा गर असतो, जो चित्तूर-कृष्णगिरीकडच्या कारखान्यांतून पिंपांत भरून येतो. तोतापुरी वाईट फळ आहे असे नव्हे. पण चित्र एकाचे आणि गर दुसऱ्याचा, हा प्रकार वाङ्मयात झाला असता तर आपण त्याला काय म्हटले असते ते सर्वांना ठाऊक आहे.

बरे, ‘शंभर टक्के रस’ म्हणणाऱ्यांची गोष्ट तरी सरळ असावी? तीही नाही. पुष्कळसा असा रस अर्कापासून परत बांधलेला असतो: रसातले पाणी निर्वातात उडवून त्याचा दाट अर्क करायचा, तो साठवायचा, दूरवर न्यायचा, आणि मग त्यात पाणी घालून पुन्हा ‘रस’ करायचा. पाण्याबरोबर सुगंधही उडून जातो, तो वेगळा पकडून ठेवून शेवटी परत मिसळतात. २०२४ च्या जूनमध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा रसांच्या वेष्टनांवरून आणि जाहिरातींतून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश दिला, कारण त्यांतला मोठा भाग पाण्याचा असतो. किलोमागे १५ ग्रॅमहून अधिक साखर वरून घातली असेल तर ‘गोड केलेला रस’ असे लिहावे लागेल, याचीही त्यात आठवण करून दिली. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. एका विशेषणासाठी कंपन्या न्यायालयापर्यंत जातात, यावरून त्या विशेषणाची किंमत त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते असे दिसते. आणि आम्हाला सांगण्यात येते की भाषेच्या माणसांनी यात पडू नये!

सरकारी शब्दकोशही फारसा वेगळा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले तेव्हा फळांच्या रसावर आधारलेल्या पेयांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. त्याच फळाच्या पेयात वायूचे बुडबुडे असतील तर कर ४० टक्के. साखर दोहोंत असू शकते. पण पापपुण्याचा निवाडा बुडबुड्यांवर झाला. मधल्या सुट्टीत आई कोला देत नाही आणि खोके देते, तिचाही निवाडा याच रीतीने झालेला असतो. तिला दोष देण्यात अर्थ नाही. सगळ्या बाजूंनी तिला हेच शिकवले गेले आहे.

आमच्या विषयातल्या एका जुन्या दाखल्याची येथे आठवण होते. काव्यशास्त्राच्या तासाला आपण सर्वांनी पानकरसाचा दृष्टान्त शिकवलेला आहे. रसास्वाद कसा असतो हे सांगताना अभिनवगुप्त पानकाकडे बोट दाखवतो: गूळ, मिरी वगैरे द्रव्ये वेगवेगळी चवीची, पण पानकात ती अशी मिसळतात की त्यांचा मिळून एक निराळाच, न फोडता येणारा आस्वाद होतो. आपले पन्हे त्याच पानकाच्या वंशातले. कैरीचा आंबटपणा, गुळाचा गोडवा, वेलदोडा, चिमूटभर मीठ, आणि कैरी उकडताना लागलेला किंचित कडवटपणा. हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यापुढे उभे राहून सांगत आलो. या वर्षी वर्गात विचारले की पन्हे कोणी कोणी प्यायले आहे, तर साठांपैकी हात फार थोडे वर आले आणि त्यांतल्या दोघांनी बाटलीतले प्यायले होते. दृष्टान्त ज्या अनुभवावर उभा असतो तो अनुभवच गेला की शिक्षकाने काय करावे? षड्रसांपैकी पाच वजा करून एकट्या मधुरावर वाढलेली जीभ तिखट-मिठाच्या पेरूला ‘ई’ म्हणते, कोकमाला ‘आंबट’ म्हणून बाजूला सारते, आणि पुढे कडवट कवितेलाही तसेच म्हणते, असा आमचा एक संशय आहे. शेवटचा भाग सिद्ध करता येणार नाही, म्हणून मागे घेतो. पहिले दोन घेत नाही.

आता विरुद्ध बाजूचे जे म्हणणे आम्हाला खरोखर अडवते ते पाहिले पाहिजे. सभेनंतर जिन्यात एका पालक बाईंनी आम्हाला गाठले. त्या बँकेत आहेत. म्हणाल्या, “सर, सकाळी साडेपाचला उठून दोन डबे करते, तिसरा नवऱ्याचा. फळ कापून दिले की काळे पडते, मुलगा परत आणतो. डाळिंब सोलायला पंधरा मिनिटे. खोके उचलून दप्तरात टाकले की झाले. तुमच्या घरी डबा कोण भरते?” या प्रश्नाला आम्ही जिन्यात नीट उत्तर देऊ शकलो नाही, कारण आमच्यापैकी एकाच्या घरी डबा बायको भरते. डब्यासंबंधी जे काही लिहिले जाते ते शेवटी कुठल्यातरी बाईच्या सकाळवर जाऊन आदळते, आणि आमचा हा लेखही त्याला अपवाद नाही. म्हणून स्पष्ट सांगतो: ज्या फळाला सोलणे-कापणे लागते ते डब्यात द्याच, असे आमचे म्हणणे नाही. केळे निसर्गाने वेष्टनात घालूनच दिलेले आहे. बोरे, जांभळे, द्राक्षे धुऊन टाकली की झाली. संत्रे मुलाने स्वतः सोलावे. पाचवीतल्या मुलाला ते येत नसेल तर शाळेने तो कार्यानुभवाचा तास समजावा. जळगावचे केळे, नागपूरचे संत्रे, घोलवडचा चिकू, नाशिकची द्राक्षे या राज्यात पिकतात, आणि केळ्याची किंमत खोक्याहून कमी असते. आणि ज्या दिवशी काहीच जमले नाही त्या दिवशी नुसती पोळी-भाजी आणि पाणी. फळ नसलेला बुधवार हा काही कलंक नव्हे. फळ नसताना फळ दिल्याचे समाधान देणारे खोके मात्र पुढच्या बुधवारचीही निश्चिंती करून टाकते.

(डबा भरण्याविषयी: दुसऱ्या दिवसापासून आमच्या त्या सहकाऱ्याने बुधवार स्वतःकडे घेतला आहे. पहिल्या बुधवारी चिकू दप्तरात फुटला.)

“मग घरी काढलेला रस?” असेही विचारले गेले. घरचा रस खोक्यापेक्षा प्रामाणिक असतो हे मान्य. वरची साखर आपल्या हातात असते. पण चोथा घरीही गाळणीत राहतो, आणि सकाळी सातला काढलेला रस अकरापर्यंत बाटलीत तापून काय होतो ते एकदा पालकांनी स्वतः पिऊन पाहावे. त्यापेक्षा लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत बरे. त्यातही साखर असतेच, पण ते निदान स्वतःला सरबत म्हणवून घेते. फळाचे पांघरूण घेऊन येत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. खोके आणि फळ हा वाद आमच्यासारख्यांच्या शाळांचा. शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या जिल्हा परिषद शाळेत डब्याचे वेळापत्रकच नसते. तेथे पोषण आहाराचे ताट असते. १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालेल्या आणि २०२१ पासून ‘पीएम पोषण’ नाव मिळालेल्या या योजनेत तांदूळ, डाळी, भाजी यांची प्रमाणे ठरलेली आहेत. पहिली ते पाचवीला दिवसाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने. फळाला त्यात हक्काची जागा नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या राज्याने आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याचे ठरवले, तेव्हा आम्हाला बरे वाटले होते. वर्तमानपत्रांतून अंड्यावर वाद झाला, केळ्यावर कोणी बोलले नाही. २०२५ च्या जानेवारीत अंड्यासाठी वेगळा निधी देणे शासनाने थांबवले. द्यायचेच असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले. अंड्याचा पर्याय म्हणून आलेले केळेही त्याच निधीवर उभे होते. मग त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फळांच्या पेयांवरचा कर कमी झाला. केंद्र वेगळे, राज्य वेगळे, खाती वेगळी, हे आम्हाला कळते. तरीही एका बाजूला आठवड्याच्या एका केळ्याला पैसे नाहीत, आणि दुसऱ्या बाजूला खोके स्वस्त झाले, या दोन बातम्या एकाच वर्षाच्या आहेत. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलामुली अशा शाळांतून शिकून आलेल्या असतात. ‘फळ किंवा फळांचा रस’ हे वाक्य त्यांच्यापुढे वाचून दाखवले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “आम्हाला ‘किंवा’ नव्हतं सर.”

सभेनंतर आम्ही शाळेला एक पानी पत्र लिहिले. मागणी एवढीच होती, की बुधवारच्या रकान्यातून तीन शब्द काढून टाकावेत: ‘किंवा फळांचा रस’. बंदी घाला, दप्तरे तपासा, पालकांना नोटिसा पाठवा, असे काही नाही; ते आम्हाला नकोच आहे. २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिसाखरेचे, अतिमिठाचे पदार्थ मुलांना विकायला मनाई केली आहे, २०२५ च्या मेमध्ये केंद्रीय मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले आहे. हे सारे चांगलेच. पण खोके उपाहारगृहातून येत नाही, घरातून येते, आणि घरात ते शाळेच्या सांगण्यावरून येते. शाळेने निदान सांगणे थांबवावे.

तीन आठवड्यांनी सुधारित परिपत्रक आले. त्यात शुद्धलेखनाच्या चुका चारवर आल्या होत्या. बुधवारसमोर लिहिले होते: ‘फळ किंवा फळांचा ताजा रस’. मुलीने विचारले, “बाबा, खोक्यावर ‘फ्रेश’ लिहिलेले असते, ते चालेल ना?” दुसरे पत्र लिहायला घेतले आहे.